आवडलेला आकडा

सर, तुमचा डिटेक्टर चांगला होता. हे मला गेल्या आठवड्यात मंगळवारी कळलं आणि उद्या, शुक्रवारी, मी निवृत्त होते आहे, म्हणून लिहायला बसले. गेलेल्या माणसांना पत्रं लिहिणाऱ्यांबद्दल माझं मत फारसं बरं नाही, तुमचंही नसतं. पण बावीस वर्षांपूर्वी ज्या तुकड्यापुढे मी रजिस्टरमध्ये 'निकामी' असं लिहिलं तो निकामी नव्हता, चूक माझ्या मोजणीत होती, आणि हे ज्याला सर्वांत आधी सांगायला हवं तो माणूस जाऊन वीस वर्षं झाली. तेव्हा कागदच उरला.

झालं ते असं. आमच्या प्रयोगशाळेत या वर्षी एक मुलगी लागली आहे. बरेलीची, पीएचडी करून आलेली, कमी बोलते, डबा खातानाही पडद्यावरच्या आलेखाकडे बघत असते. नमुना गार ठेवायचं नवं भांडं आलं आहे. तुमच्या वेळी होतं तसंच, द्रव नायट्रोजनचं, पण याच्यात फिल्टरसुद्धा आतच बसतात आणि नमुन्याइतकेच गार राहतात. त्याच्यावर हात बसवायला चांगला नमुना नासायला नको म्हणून मीच तिला म्हटलं, कपाटातल्या डबीतला जुना घे, मेलेला आहे, हरकत नाही. ती तो घेऊन गेली. मंगळवारी दुपारी माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, वो जो डेड पीस दिया था आपने. वो डेड नहीं है."

मी म्हटलं, "फिर से नापो."

"तीन बार नापा. पहले लगा मुझसे ही कुछ गड़बड़ हो रही है. रजिस्टर में आपके साइन हैं ना, तो..." तिने वाक्य तिथेच सोडलं आणि कागद पुढे केला. "दोनों रंग अलग-अलग दे रहा है. एकदम साफ."

मी कागद पाहिला. तुम्ही जो आकडा येईल म्हणाला होतात तोच होता. दोन टक्के.

मला क्रमाने लिहिलं पाहिजे. नाहीतर तुम्हाला माहीत आहे म्हणून काही वगळेन आणि त्याच सबबीखाली मला नको असलेलंही वगळेन. तुम्ही तुमचा डिटेक्टर सगळ्यांना एकाच पद्धतीने समजावायचात. हिशेब खात्याचे एक अधिकारी आले होते, आठवतात का, ज्यांना उष्णतेला रंग असतात हेच पटत नव्हतं. "गर्मी का रंग क्या होता है, डॉक्टर साब?" तुम्ही त्यांना खुर्ची दिलीत आणि सांगायला लागलात. उष्णतेचे किरण डोळ्याला दिसत नाहीत, पण त्यांच्यातही आखूड लहरी असतात आणि लांब लहरी असतात. एकाच जातीच्या पकडल्या तर समोर काहीतरी गरम आहे एवढंच कळतं. दोन्ही वेगवेगळ्या पकडल्या आणि त्यांचं प्रमाण काढलं तर ते किती गरम आहे हे कळतं, आणि मग विमानाचं इंजिन कुठलं आणि चकवायला टाकलेला जळता गोळा कुठला, हे ओळखता येतं. म्हणून एकावर एक दोन थर. पहिला थर आखूड लहरी खातो आणि लांब लहरी जाऊ देतो. दुसरा त्या खातो. हेही त्यांना पटेना, तेव्हा तुम्ही पंगत मांडलीत. "समझिए दो भाई पंगत में बैठे हैं. पहले को सिर्फ तीखा चाहिए, मीठा वो आगे सरका देता है. दूसरा मीठे के लिए ही बैठा है."

"और तीखा दूसरे की थाली में गिर गया तो?"

"तो मेरी नौकरी गई," तुम्ही म्हणालात. सगळे हसले. मीही हसले.

अठरा टक्के तिखट दुसऱ्याच्या ताटात पडतंय, असं मी मोजलं होतं. मर्यादा पाचाची होती.

सांगलीहून एम.एस्सी. होऊन आले तेव्हा माझ्याकडे एक पत्र्याची ट्रंक आणि एक स्वेटर होता. पहिल्याच डिसेंबरात तुम्ही आणि काकू मला कोट घ्यायला करोल बागेत घेऊन गेलात. कोट घेऊन झाला, काकू बांगड्यांच्या दुकानाकडे वळल्या, आणि तुम्ही मला सराफांच्या गल्लीत नेलंत. दुकानदार गादीवरून उठून म्हणाला, "बहनजी के लिए कौन सा सेट दिखाऊँ?" तुम्ही म्हणालात, "सेट नहीं. जिससे आप सेट देखते हैं, वो दिखाइए." त्याला आधी आपण आयकर खात्याकडून आलोय असंच वाटलं. मग त्याने खणातून डोळ्याला लावायचं काळं भिंग काढलं, तुम्ही ते माझ्या हातावरच्या शिरांवर धरून पाहिलंत आणि घेतलंत. काकू बाहेर उभ्या होत्या. म्हणाल्या, "पोरीला दोन बांगड्या घ्यायच्या सोडून दुर्बीण घेऊन आलेत." ते भिंग मी आजवर वापरलं. थरावरचे ओरखडे, खड्डे, कडेच्या जोडणीचं उकललेलं सोनं, सगळं त्यातून पाहिलं. काच अजून स्वच्छ आहे.

आणि तुमच्या क्वार्टरचं स्वयंपाकघर. रविवार आहे, काकू भाकरी थापतायत, मी ओट्याला टेकून उभी आहे आणि मला फिल्टर म्हणजे काय हे समजलेलं नाही म्हणून तुम्ही चिडला आहात. तुम्ही तव्यावरची भाकरी काढून ठेवता, तवा चिमट्याने उभा धरता आणि मला गाल पुढे करायला सांगता. ऊब लागते. मग तवा आणि माझा गाल यांच्यामध्ये तुम्ही एक स्टीलची ताटली धरता. ऊब थांबते. "थांबली?" "हो." "म्हणजे ताटलीने अडवली. आता तशीच उभी राहा." मी उभी राहते. काकू म्हणतात, "माझी भाकरी वाळतेय." तुम्ही म्हणता, "वाळू दे." दोनतीन मिनिटांनी गालाला पुन्हा ऊब लागायला लागते. "आता ही कुणाची? तव्याची की ताटलीची?" मला उत्तर येतं. "ताटलीची." "मग लक्षात ठेव. अडवणारा स्वतः तापतो. आपण समजतो आपण तवा मोजतोय, आणि मोजत असतो ताटली." काकूंनी ताटली हातातून हिसकावून घेतली. तळ काळानिळा झाला होता. ती पुढे कितीतरी वर्षं तुमच्या घरात डाग घेऊन वावरत होती. माझ्याच पानात यायची, काकू मुद्दाम वाढायच्या.

हे सगळं मला येत होतं. तुम्ही शिकवलं नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

तुमचा दुसरा धडाही येत होता. पहिल्या वर्षी एक सुंदर आलेख घेऊन मी तुमच्या खोलीत आले होते. तुम्ही तो पाहिलात आणि विचारलंत, "आवडला?" मी म्हटलं, हो सर. "मग परत मोज." परत मोजला तर नायट्रोजन संपत आल्यामुळे तो सुंदर झाला होता. तुम्ही दोन तंत्रज्ञांसमोर म्हणालात, "आवडलेला आकडा म्हणजे अर्धाच मोजलेला आकडा. पुढच्या वेळी माझ्याकडे अर्धा घेऊन येऊ नकोस." माझे कान तापले. पण त्यानंतर आपल्याकडे तो रिवाजच झाला. आकडा मनासारखा आला की दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडणी करून मोजायचा, मग तुम्ही वहीच्या पानावर खाली उजवीकडे सही करायची. तुमच्या सहीशिवाय पान पुढे जात नसे. इतर विभागांत आपली थट्टा व्हायची. "मराठी लोगों के यहाँ दो दिन बाद दो और दो चार होते हैं."

आता जे लिहायचं आहे ते मी या दहा दिवसांत मनातल्या मनात पुष्कळदा टाळलं. पंधरा वर्षं मी मोजत राहिले. थर वाढवायच्या भट्टीवर काम द्या म्हणून तुम्हाला तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा तुम्ही दार लावून घेतलंत आणि म्हणालात, "अगं, भट्टीत पारा असतो. त्याची वाफ वाईट. तुझं लग्न व्हायचंय, मुलं व्हायचीत. आणि मोजायला तुझ्याइतका स्थिर हात माझ्याकडे नाही." तुमच्या मनात काळजीच होती, हे मला तेव्हाही कळत होतं. माझ्यानंतर आलेले तीन पुरुष भट्टीवर गेले. शोधनिबंधांवर त्यांची नावं तुमच्या नावाला लागून यायची, माझं शेवटी, 'मोजणीत साहाय्य' म्हणून आभारांच्या आसपास. लग्न मी केलं नाही. पाऱ्यापासून तेवढी वाचले.

तुमचं काम पुढे चालू ठेवायचं की नाही ते ठरवणारी समिती बसायची होती, तिच्या आदल्या दिवशीची गोष्ट. दोन रंगांचा तुमचा तुकडा, सहा वर्षांचं काम, एका पितळी डबीत. मला फक्त एकच प्रश्न मोजायचा होता. केवळ आखूड लहरी टाकल्या तर दुसऱ्या थराला काही कळतं का? कळायला नको. म्हणून तापवलेल्या स्रोतापुढे सफायरचा फिल्टर लावायचा. तो आखूड लहरी जाऊ देतो, लांब अडवतो. मध्ये चॉपरची फिरती पाती, उष्णतेची उघडझाप करायला, कारण आपलं यंत्र उघडझाप होणारी उष्णताच मोजतं, बाकीची सोडून देतं. म्हणूनच फिल्टर पात्याच्या अलीकडे, नमुन्याच्या बाजूला लावायचा. तिथे त्याची स्वतःची ऊब सतत येते, उघडझाप होत नाही, आणि हिशेबात धरली जात नाही. त्या आठवड्यात टेबलावर दुसऱ्या विभागाचं एक उपकरण आणून ठेवलं होतं. पातं आणि भांडं यांच्यामध्ये फिल्टरची खुंटी बसेना. मी ती पलीकडे, स्रोताच्या तोंडाशी बसवली. दोन बोटांचं अंतर असेल. फिल्टर तापला. लांब लहरी अडवता अडवता स्वतःच त्या सोडायला लागला, पातं त्यांची उघडझाप करत राहिलं, आणि यंत्राने त्या तुमच्या दुसऱ्या थराच्या नावावर मांडल्या. मी ताटली मोजत होते, सर.

दुपारी चारला तुम्ही आलात तेव्हा मी सगळं उतरवून ठेवलं होतं. तुम्ही वही पाहिलीत. पान त्रेसष्ट.  मग विचारलंत, "फिल्टर कुठे होता?"

"जागेवर होता, सर."

"चॉपरच्या अलीकडे की पलीकडे?"

प्रश्न सरळ होता. उत्तर एका शब्दाचं होतं. मी म्हटलं, "सर, आकडा आवडला नाही म्हणून परत मोजायचा का? तुमचा नियम तर उलटा आहे."

तंत्रज्ञ खाली बघायला लागले. एकजण हसला, मला दिसलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "बरोबर आहे. नियम उलटा आहे." आणि सही न करता निघून गेलात. मला वाटलं, मानी माणूस, हार पचत नाही. मी ते पान तुमच्या सहीशिवाय दुसऱ्या दिवशी समितीपुढे ठेवलं.

समितीत अध्यक्षांनी तुम्हाला विचारलं, "आपको कुछ कहना है?" मी तुमच्या उत्तराची तयारी करून गेले होते. तुम्ही वेळ मागाल, फेरमोजणी मागाल, आणि मी उभी राहून काय बोलायचं ते ठरवून गेले होते. तुम्ही म्हणालात, "नाप इन्होंने लिया है. इनके हाथ पर मुझे भरोसा है." एवढंच. अध्यक्ष माझ्याकडे वळून म्हणाले, "ऐसे ही लोग चाहिए, जो अपने गुरु का भी लिहाज न करें." काम बंद झालं. दोन आठवड्यांत तुमची भट्टी उतरवली. पुढच्या वर्षी मला बढती मिळाली आणि प्रामाणिकपणाचं म्हणून एक प्रशस्तिपत्र, काचेच्या चौकटीत. ते माझ्या खोलीत भिंतीवर आहे. नव्या भरतीच्या पोरांना पहिल्या आठवड्यात माझी गोष्ट सांगतात. मला पाठीमागे 'अठारह परसेंट वाली मैडम' म्हणतात, आणि आजवर मला ते नाव चालत होतं.

तुम्हाला त्यांनी ग्रंथालय दिलं आणि हिंदी पंधरवडा. ज्या माणसाने या देशात ते थर एकावर एक वाढवून दाखवले, तो हस्ताक्षर स्पर्धेच्या बक्षीसपत्रांवर सह्या करत बसला. एकदा तुम्ही माझ्या टेबलाशी निबंधांचा गठ्ठा घेऊन आलात. "तपासून दे. तुझा हात स्थिर आहे." मी तो टोमणा समजले आणि गठ्ठा घेतला. जाता जाता तुम्ही कपाटाकडे बोट केलंत. "त्या डबीतलं सिलिका जेल गुलाबी झालंय. बदलत जा. निकामी झाला तरी नमुना कोरडा ठेवावा." त्यानंतर काही महिन्यांनी एका सकाळी क्वार्टरच्या जिन्यात तुम्ही बसलात ते उठला नाहीत. तुमच्या हृदयाला माझा आकडा लागला, असं मी लिहिणार नाही. ते म्हणायला सोपं आहे आणि मोजता येत नाही. मोजता येतं ते एवढंच, की तुमची शेवटची दोन वर्षं भट्टीवर जायची ती निबंधांवर गेली, आणि त्या आकड्यानंतर बावीस वर्षं या प्रयोगशाळेत कुणी तसा थर वाढवला नाही, कारण पान त्रेसष्टाचा हवाला प्रत्येक प्रस्तावात असे. हवाला देणारी बहुधा मीच असे.

सिलिका जेल मात्र मी बदलत राहिले. दर दोनतीन महिन्यांनी डबी उघडायची, गुलाबी दाणे काढायचे, भाजून निळे झालेले घालायचे. का, हे स्वतःला विचारलं नाही. तुम्ही सांगितलं होतं म्हणून. त्यामुळे तुकडा जगला.

बुधवारी मी त्या मुलीला घेऊन जुन्या टेबलावर गेले. जुना स्रोत, जुनं पातं, तोच सफायर. फिल्टर अलीकडे लावून मोजलं, दोन. मग मी म्हटलं, "अब इसको उधर लगाओ. सोर्स के मुँह पर." तिने माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, वहाँ तो खुद गरम हो जाएगा." पहिल्या वर्षाची मुलगी. एका क्षणात म्हणाली. मी म्हटलं, लावा. आकडा चारवरून चढायला लागला. आम्ही दोघी उभ्या राहून बघत होतो. सात. अकरा. पंधरा. वीसएक मिनिटांनी अठरावर येऊन थांबला.  थोड्या वेळाने ती म्हणाली, "चाय लाऊँ, मॅडम?" मी नको म्हटलं.

विभागप्रमुखांना त्याच दिवशी सांगितलं. ते चांगले गृहस्थ आहेत, मला त्रास नको म्हणूनच बोलले. "मैडम, फेयरवेल के टाइम ये सब क्यों? वैसे भी वो पीस रजिस्टर में बेकार है. बेकार पीस का डेटा रिपोर्ट में जा ही नहीं सकता." नियम खरा आहे. त्या मुलीची मोजणी ग्राह्य धरायची तर रजिस्टरमधली नोंद आधी बदलायला हवी. नोंद बदलायची तर ज्याने केली त्याने, कारण लिहून, सही करून. आणि ज्याने केली तो शुक्रवारी जाणार. मी गप्प बसले असते तर काहीच झालं नसतं. तुकडा पुन्हा डबीत गेला असता, मुलगी पुढच्या कामाला लागली असती, आणि पोरांना लोक माझी गोष्ट तशीच सांगत राहिले असते. ते मला म्हणाले, "सोच लीजिए. आपका नाम है." मी म्हटलं, "हाँ, वही तो है उसमें." पण लगेच सही केली नाही. हेही लिहून ठेवते. आठ दिवस केली नाही. रोज रजिस्टर टेबलावर आणवून घेतलं आणि रोज परत पाठवलं.

रविवारी काकूंकडे गेले. त्या आता गाझियाबादेतच असतात, मुलीकडे, माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. गुडघे गेले आहेत, कान आणि जीभ शाबूत. दर दिवाळीला चिवडा घेऊन जाते तशी गेले, तर म्हणाल्या, "अवेळी कशी? कुणी गेलं का?" मी बसून सगळं सांगितलं. ताटलीसकट. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी विचारलं, "त्यांना माहीत होतं का?"

"माहीत नाही, काकू. त्यांनी विचारलं होतं. मी उत्तर दिलं नाही."

"ते मला नको. त्यांना कळलं होतं का, की आपला तुकडा चांगला आहे? ते तसे गेले का असे गेले?"

"मला सांगता येणार नाही."

"मग तू मला काय द्यायला आलीस?" त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "घरी काही बोलायचे नाहीत. एकदाच म्हणाले, पोरीचा हात स्थिर आहे, माझंच कुठेतरी चुकलं असेल. वीस वर्षं मी तेच धरून बसलेय. की त्यांचं चुकलं. माणसाचं चुकतं. आता तू हे सांगतेस." मग त्यांनी खिडकीकडे पाहिलं. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी गाद्या वाळत टाकत होतं. "कुठे लिहिलंयस का हे? का नुसती मला सांगायला आलीस, मला सांगितलं की झालं म्हणून?"

मी म्हटलं, अजून नाही लिहिलं.

"अच्छा," त्या म्हणाल्या.

उठले आणि सवयीने म्हटलं, जाते काकू. इतकी वर्षं मी 'जाते' म्हटलं की त्या मागून ओरडायच्या, "येते म्हण गं." त्या काही बोलल्या नाहीत. मी चपला घालेपर्यंत थांबले. मग जिना उतरले.

आज शुक्रवार. वरचं काल लिहिलं होतं. सकाळी रजिस्टर मागवलं. माझ्याच अक्षरातल्या 'निकामी' या शब्दावर एक सरळ रेघ मारली, तुम्ही सांगायचात तशी, खालचं वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं, 'चालू'. कारणाच्या रकान्यात लिहिलं: फिल्टर चॉपरच्या पलीकडे लावल्यामुळे मोजणी चुकीची, चूक मोजणाऱ्याची, नमुन्याची नाही. सही केली. मग वहीच्या पान त्रेसष्टावर हेच लिहिलं आणि त्या मुलीच्या मोजणीचा पान क्रमांक टाकला. चौकट भिंतीवरून मी स्वतः काढली.  विभागप्रमुखांनी हार आणला होता तो टेबलावर तसाच होता.

एक गोष्ट वहीत लिहिली नाही, कारण वहीला तसा रकाना नाही. काकूंनाही सांगितली नाही. त्या दिवशी चार वाजता मी तुम्हाला तुमचाच नियम ऐकवला. आकडा आवडला तर परत मोजायचा. हा कुणाला आवडणार, सहा वर्षं वाया घालवणारा आकडा. तुम्हीही ते मान्य केलंत आणि गेलात. सर, तो मला आवडला होता. काट्याने अठरा दाखवला तेव्हा पंधरा वर्षांत पहिल्यांदा तुमच्या भट्टीतून माझ्या हातात काहीतरी आलं होतं. फिल्टर कुठे आहे हे मी उतरवताना पाहिलं होतं. मला शंका आली होती. मी परत मोजला नाही.

सुपूर्द केलेल्या वस्तूंची नोंद, शुक्रवार, दुपार. घेणारी: ती बरेलीची मुलगी.

दोन रंगांचा डिटेक्टर, एक, पितळी डबीत. चालू स्थितीत. सिलिका जेल आज बदललं, निळं आहे.

सफायर फिल्टर, एक. खुंटीसह.

डोळ्याला लावायचं भिंग, एक. सरकारी नव्हे. तरी दिलं.

भट्टी पुन्हा उभारून तिथे काम करण्यासाठीचा अर्ज, एक, तिच्या नावाने. मी शिफारस करून विभागप्रमुखांकडे दिला. पाऱ्याबद्दल काय काळजी घ्यायची ते तिला सांगितलं. जायचं की नाही ते तिने ठरवायचं.

मोजणीची वही, एक. पान त्रेसष्टावर दुरुस्ती. खाली उजवीकडे तपासणाऱ्याच्या सहीची जागा रिकामी होती. तशीच दिली.